हिरव्या पट्टीचा हात

रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईखान्याच्या पलीकडे एक लांबट खोली आहे. बिघडलेली यंत्रं तिथे येतात. सलाइन मोजून सोडणारे पंप, रक्तदाब दाखवणारे पडदे, वर-खाली व्हायचं विसरलेल्या खाटांच्या मोटरी. त्या खोलीत काम करणाऱ्या बाईला सगळं रुग्णालय पट्टीवाली म्हणतं. त्याचं कारण असं, की रुजू झाल्याबरोबर तिने एक नियम घातला. यंत्र ज्याने उघडलं त्याने ते बंद करताना शेवटच्या स्क्रूवर आपल्या रंगाची चिकटपट्टी लावायची. तिची निळी, रात्रपाळीच्या माणसाची पिवळी. ज्याची पट्टी त्याची जबाबदारी, आणि त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याने ते यंत्र उघडायचं नाही.

लोक आधी हसले. मग एकदा कुणीतरी न सांगता उघडलेला पंप तसाच वॉर्डात परत गेला आणि भलत्याच वेगाने सलाइन सोडू लागला. नर्सच्या वेळेवर लक्षात आलं म्हणून निभावलं. त्या दिवशी पट्टीवाली जे बोलली ते धुलाईखान्यातल्या बायका अजून एकमेकींना सांगतात. गंमत म्हणजे ती ओरडली नव्हती. ती रागावली की तिचा आवाज खाली जातो, शब्द एकेक करून येतात, आणि समोरच्याला वाटतं, त्यापेक्षा हिने चार भांडी आपटली असती तर परवडलं असतं.

राग तिच्या नाकावर बसलेला असतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. नवरा शाळेत भूगोल शिकवतो. ती दारातून आत आली की तो वर्तमानपत्र खाली न करता विचारतो, आज वारा कुठून सुटलाय. ती सांगते, खरेदी विभागाकडून, किंवा अधीक्षकांकडून. मग तो चहा ठेवायला उठतो. त्यांचा संसार असा बरा चालला आहे.

काळजी होती ती लेकीची. मुलगी हुशार, हाताने चलाख, पण एकही गोष्ट धरून ठेवायची नाही. पोहायला लागली आणि सोडलं. चित्रं काढायला लागली, रंगांची डबी उशाशी घेऊन झोपायची, आणि तेही एके दिवशी सोडलं. धरसोड आहे पोरीची, असं आत्या म्हणाली, आजी म्हणाली, शेजारीण म्हणाली. आईलाही तसंच वाटायचं, आणि रुग्णालयात पंप उघडता उघडता ती मनात म्हणायची, हिचं पुढे कसं होणार.

मग एकदा कपाट आवरताना तिला चित्रकलेच्या स्पर्धेत बक्षीस मिळालेलं चित्र सापडलं. लेकीने काढलेला हत्ती, चौकटीत बसवलेला, आणि चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. तिने विचारलं तेव्हा लेक म्हणाली, सोंड माझी नाहीये. स्पर्धेला पाठवायच्या आदल्या दिवशी चित्रकलेच्या सरांनी सोंड 'जरा नीट' करून दिली होती. पोहण्यातही तेच. ती स्वतः कडेला पोहोचणार एवढ्यात शिकवणाऱ्या बाईंनी हात धरून ओढून घेतलं होतं. आईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही मुलगी हरली म्हणून काही सोडत नाही. तिचं काम दुसऱ्याने पुरं केलं की सोडते. त्या सरांना शोधून काढून त्यांच्या सहीतलं एक अक्षर 'जरा नीट' करून द्यावं, असं तिला फार वाटलं.

अशातच शाळेने रोबो स्पर्धेत उतरायचं ठरवलं. मुलांनी रोबो बनवायचा, त्याने मैदानात पसरलेले चेंडू उचलून उंच टोपलीत टाकायचे, आणि शिकवायला म्हणून पालकांतून एक मार्गदर्शक हवा. पालकसभेत सगळे बाप एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. पट्टीवालीने हात वर केला.

सभेत पुढच्या खुर्चीवर साहेब बसले होते. यंत्रांचे सुटे भाग बनवणारा त्यांचा कारखाना आहे. कामगार त्यांना साहेब म्हणतात, म्हणून शाळेतही सगळे म्हणतात, आणि फोनवर ते स्वतःही 'साहेब बोलतोय' असंच सांगतात. माणूस वाईट नाही, हसतमुख आहे. सरावासाठी कारखान्याच्या कार्यालयामागची खोली त्यांनीच दिली. पण मागे वळून ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही मुलांच्या खाण्यापिण्याचं बघा ना. तांत्रिक बाजू आम्ही सांभाळू."

पट्टीवालीचा आवाज खाली गेला. "खाण्यापिण्याचं आमच्या घरी हे बघतात. त्यांच्या हाताला चव आहे. तांत्रिक बाजू मी पोटासाठी सांभाळते."

सभा हसली, साहेबही हसले, आणि पट्टीवाली मार्गदर्शक झाली.

संघ तिघांचा. लेक, साहेबांचा मुलगा, झोपेतही बोलतो म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणतात, आणि सांडलेले स्क्रू टिपून डबीत भरत राहणारी लहानखुरी मुंगी. पहिल्याच दिवशी पट्टीवालीने तिघांना रंग वाटले. लेकीला हिरवा, रेडिओला लाल, मुंगीला पांढरा. जो सांधा ज्याने जोडला त्यावर त्याची पट्टी. रेडिओने विचारलं, काकू, तुमचा रंग कुठला? ती म्हणाली, मोठ्यांना रंग नाही.

हे बोलायला सोपं होतं. मुलं ज्या चुका करायची त्या तिला दोन दिवस आधीच दिसायच्या. तार उलटी जोडली आहे, चाक तिरकं बसलं आहे, वजन सगळं मागे गेलं आहे. जिभेच्या टोकावर यायचं, आणि ती जीभ चावायची. मोकळे राहिले तर हात आपोआप रोबोकडे जातात, म्हणून ती घरून निवडायचे तांदूळ घेऊन यायची. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून, मांडीवर ताट घेऊन ती खडे वेचायची आणि प्रश्न विचारायची. त्या काळात तिच्या घरी खडा लागला असा घास कुणी खाल्ला नाही. घरी येऊन ती न बोललेली सगळी वाक्यं नवऱ्याला ऐकवायची. तो बिचारा मोटरी आणि गिअरांबद्दलची बोलणी खात पोळ्या लाटायचा.

चेंडू उचलणारा हात लेकीकडे होता. आधी तिने कपडे वाळत घालायचे चिमटे जोडून पाहिले, मग स्वयंपाकघरातला झारा नेला. शेवटी तिला माळ्यावर मोडकी छत्री सापडली. छत्रीच्या काड्या मिटताना जशा आत येतात तशा चेंडूभोवती मिटवायच्या, अशी तिची कल्पना. कल्पना झकास होती, पण चेंडू राहात नव्हता. काड्या ओढणारा दोरा एका बाजूला बांधला होता हे पट्टीवालीला पहिल्याच दिवशी दिसलं. तिने ताटातले तांदूळ दुसऱ्यांदा निवडले आणि विचारलं, "चेंडू पडतो तेव्हा कुठल्या बाजूने पडतो?"

"ते कळलं असतं तर पडू दिला असता का?" लेक फणकारली.

दोन आठवडे तो चेंडू पडत राहिला. रेडिओने त्याचं धावतं वर्णन केलं, मुंगीने तो उचलून आणला. आणि एका संध्याकाळी लेक रोबोसमोर पोटावर पडून बघत असताना एकदम उठून बसली. दोरा सोडला, मधोमध भोक पाडून त्यातून ओवला आणि बटण दाबलं. काड्या मिटल्या, चेंडू वर गेला. तिने सांध्यावर हिरवी पट्टी लावली, नखाने घासून घासून लावली. मग आईकडे असं पाहिलं, की पट्टीवालीला ताटावर मान खाली घालावी लागली.

हात दिसायला काही देखणा नव्हता. वर जाताना लटपटायचा, अधूनमधून चेंडू सोडायचा. साहेब मधेच डोकावून म्हणाले, "काय वहिनी, पावसाळ्यातला रोबो का?" मग बाजूला घेऊन म्हणाले, कारखान्यात दोन पोरगे नवीन आहेत, त्यांना सांगतो, असा हात करून देतील की बघत राहाल. ती नको म्हणाली. ते म्हणाले, अहो, सगळे करतात, बाकीच्या शाळांचे रोबो काय मुलांनी बनवलेले असतात? ती म्हणाली, सगळ्यांच्या मुलांची काळजी करायला मला कुणी नेमलेलं नाही. ते हसले. तिला वाटलं, विषय संपला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिला रुग्णालयात कामावर जायचं होतं. साहेब म्हणाले, रोबो खोक्यात भरून माझा ड्रायव्हर थेट सभागृहात आणेल, तुम्ही धावपळ करू नका. ती बरं म्हणाली. या 'बरं'साठी तिने पुढे स्वतःला किती शिव्या घातल्या त्याचा हिशोब नाही.

सभागृह म्हणजे एक मोठं क्रीडागृह होतं. रांगेने टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर एकेक संघ, मधे दोरीने आखलेलं मैदान. दारातच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की सभागृहात आल्यावर मोठ्या माणसांनी रोबोला हात लावायचा नाही. आणि आत पाहावं तर काय. एका टेबलाखाली एक गृहस्थ उताणे झोपून स्क्रू पिळत होते, त्यांची मुलं भोवती उभी राहून शाळेचा फलक आडोशाला धरत होती. पलीकडे एक बाई लॅपटॉपवर भराभर टाइप करत होत्या आणि त्यांचा मुलगा त्यांना पाण्याची बाटली उघडून देत होता. मुलं दमलेली नव्हती, कंटाळलेली होती. लग्नात भलत्याच नातेवाइकांच्या पंगतीत बसवल्यासारखी. पट्टीवालीचं रक्त तिथेच तापायला लागलं.

ती आपल्या टेबलापाशी पोहोचली. खोकं उघडलेलं होतं. तिघं डोकी एकत्र करून हळू आवाजात काहीतरी बोलत होती, आणि चक्क रेडिओ गप्प राहून ऐकत होता. मग तिला रोबो दिसला. छत्रीच्या काड्या नव्हत्या. तिथे एक चकचकीत, कापून घासून गुळगुळीत केलेला धातूचा हात होता, तीन बोटांचा, कडांना काळं रबर लावलेला. देखणा होता, यात वाद नाही. तिने सांध्याकडे पाहिलं. पट्टी नव्हती. हिरवी नाही, लाल नाही, कुठलीच नाही.

साहेब मागेच उभे होते, वाढदिवसाची भेट उघडताना पाहायला उभं राहावं तसे.

"कसा वाटला?" ते म्हणाले. "दोघा पोरांनी जागून केलाय. चेंडू सोडतच नाही. मुलांना सांगितलं, तुमचीच कल्पना, आम्ही फक्त जरा नीट केली."

जरा नीट. पट्टीवालीला हत्तीची सोंड आठवली, भिंतीकडे वळलेली चौकट आठवली, आणि वर्षानुवर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" तिचा आवाज इतका खाली गेला होता की साहेबांना वाकून ऐकावं लागलं. "कारखान्यात तुमच्या माणसाने केलेलं काम तुम्ही रात्रीतून काढून फेकता का? त्याला न विचारता? ही लहान आहेत म्हणून त्यांचं काम काम नाही?"

"वहिनी, डोकं शांत ठेवा. मुलं जिंकली की खूश होतील. त्यांच्यासाठीच तर चाललंय ना हे सगळं?"

"तुमच्यासाठी चाललंय. तुम्हाला गप्प बसवत नाही म्हणून."

आणि तिने टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला. सरावाचा हात होता तो, वर्षानुवर्षं यंत्रं उघडलेला. पहिला स्क्रू निघाला, दुसरा निघाला, तारेची जोडणी सुटली. लेक काहीतरी म्हणाली, ते तिने ऐकलं नाही. चकचकीत हात तिने उचलून साहेबांच्या हातात ठेवला, भाजीवाल्याला किडकं वांगं परत करावं तसा.

"घ्या. तुमचा माल."

तेवढ्यात शिट्टी वाजली. पंच म्हणून नेमलेली एक तरुण मुलगी टेबलापाशी आली आणि तिने त्यांच्या टेबलावर पिवळं कार्ड ठेवलं. "मॅडम, मोठ्यांनी रोबोला हात लावायचा नाही. दारात लिहिलंय. तुमच्या संघाचे गुण कमी होतील."

पट्टीवालीने आजूबाजूला पाहिलं. टेबलाखालचे गृहस्थ अजून टेबलाखालीच होते, फलक अजून आडवा होता. लॅपटॉपवरची बाई वर न पाहता टाइप करत होती. अख्ख्या सभागृहात जिने एवढे महिने तांदळातले खडे वेचले, कार्ड तिलाच मिळालं होतं. ती पंचांना ते सांगणार होती, बोट दाखवून सांगणार होती. पण आधी तिचं लक्ष लेकीकडे गेलं.

लेक रडत नव्हती. ती रोबोच्या रिकाम्या खांद्याकडे पाहत होती.

"आई, आम्ही ठरवत होतो," ती म्हणाली. "मला तो उघडून बघायचा होता. बोटं कशी मिटतात ते. मग लावायचा की नाही ते आम्ही तिघं ठरवणार होतो."

"अगं, पण तो तुझा नव्हता..."

"हो. काकांनी न विचारता लावला. तू न विचारता काढलास."

तिचा आवाजही खाली गेला होता. शब्द एकेक करून येत होते.

पंचांनी मोठ्यांना दोरीमागे जायला सांगितलं. पट्टीवाली गेली आणि बाकावर बसली. शेजारी जागा होती म्हणून साहेबही तिथेच बसले, तो धातूचा हात मांडीवर घेऊन. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. तिला साहेबांचा संताप येत होता, पंचांचा येत होता, त्या फलकाआडच्या माणसाचा येत होता, आणि सगळ्यांना पुरून उरेल एवढा स्वतःचा येत होता. रुग्णालयात कुणी असं केलं असतं तर तिने त्याला उभं केलं असतं. पट्टीच्या मालकाला विचारलं का? नाही. का नाही? राग आला म्हणून. हे उत्तर तिने कुणाकडूनही चालवून घेतलं नसतं.

थोड्या वेळाने रेडिओ दोरीपाशी धावत आला. "बाबा, जुना हात कुठाय?"

साहेब खाकरले. "गाडीच्या डिकीत आहे. टाकून नाही दिला." हे शेवटचं त्यांनी पट्टीवालीकडे न बघता तिच्यासाठी म्हटलं.

"मग आणा. आणि तोही द्या, मांडीवरचा."

साहेब उठून गेले. पट्टीवालीला पहिल्यांदाच ते घाईने चालताना दिसले. दोन्ही हात टेबलावर आले आणि मुलांची तीन डोकी पुन्हा एकत्र आली. दोरीमागून तिला एवढंच दिसत होतं की लेक धातूच्या हाताची बोटं उघडतेय, मिटवतेय, कानाशी नेतेय. मग तिने त्याच्या कडांचं काळं रबर सोलून काढलं, मुंगीने कात्रीने त्याचे तुकडे केले, आणि ते छत्रीच्या काड्यांच्या टोकांना बसले. बाकी सगळा चकचकीत हात तिने बाजूला ठेवला. रबर उलटं बसवलं होतं, घसरणार होतं. पट्टीवालीला लांबूनसुद्धा दिसलं. तिने बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"रबर उलटं आहे ना?" साहेब पुटपुटले.

"गप्प बसा," ती म्हणाली.

पहिल्या फेरीत रबर घसरलं, चेंडू पडले आणि लोक हसले. मुलांनी टेबलापाशी जाऊन ते सुलटं केलं. दुसऱ्या फेरीत छत्री मिटली ती मिटली, चेंडू एकामागून एक टोपलीत गेले. पण पिवळ्या कार्डाचे गुण कापले गेले, आणि ते कापले नसते तर पुढच्या फेरीत गेली असती एवढ्याच फरकाने मुलं बाहेर पडली. टेबलाखालच्या गृहस्थांच्या संघाला ढाल मिळाली. ढाल घेताना त्यांच्या मुलांना विचारलं, रोबोचं सगळ्यात अवघड काम कुठलं? मुलांनी मागे वळून गृहस्थांकडे पाहिलं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पट्टीवालीने नाही वाजवल्या.

घरी येताना लेक बोलली नाही. जेवताना नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. नवऱ्याने वारा कुठून सुटलाय हे विचारलं नाही, कारण या वेळी दोन्हीकडून सुटला होता. हेही गेलं, पट्टीवालीला वाटलं. पोहणं बाईंनी घालवलं, चित्र सरांनी घालवलं, आणि हे आपण, स्वतःच्या हाताने. लेकीशी बोलायला तिने तीनदा तोंड उघडलं आणि प्रत्येक वेळी तोंडात समजावणीच आली, माफी आली नाही. राग ओसरल्याशिवाय माफी मागता येत नाही, आणि तिचा राग काही ओसरत नव्हता.

आठवड्याने लेकीने चहाच्या टेबलावर सांगितलं की पुढच्या वर्षाचा संघ ठरला आहे, तेच तिघं. आईने कप खाली ठेवला. मग लेक म्हणाली, मार्गदर्शक मात्र ठरलेला नाही. काकांनीही विचारलंय. आम्ही दोघांची मुलाखत घेणार आहोत. शनिवारी, प्रयोगशाळेत, शाळा सुटल्यावर.

"माझी मुलाखत?" पट्टीवाली म्हणाली.

"यायचं नसेल तर सांग."

ती गेली. प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर साहेब आधीच येऊन बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. आतून त्यांना बोलावलं. दाराआडून कधी त्यांचं हसू ऐकू येत होतं, कधी नुसते मुलांचे प्रश्न. बाहेर आले तेव्हा ते कपाळ पुसत होते.

"फार कडक आहेत हो पोरं," ते म्हणाले. "माझाच मुलगा मला म्हणतो, मुद्द्याचं बोला."

तिने हसू दाबलं, कारण तिला त्यांच्यावर अजून हसायचं नव्हतं, आणि ती आत गेली. लांब टेबलापलीकडे तिघं बसली होती. मुंगीपुढे वही होती. रेडिओने घसा साफ केला, पण प्रश्न लेकीने विचारला, आईकडे सरळ बघत, जणू आज पहिल्यांदाच भेटतेय.

"यंत्र चुकतंय. चूक तुम्हाला दिसतेय, आम्हाला दिसत नाहीये. वेळ कमी आहे. तुम्ही काय करता?"

पट्टीवालीला चांगली उत्तरं सुचली. प्रश्न विचारते, धीर धरते, तुमच्यावर सोपवते. सगळी पाठ होती. तिने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यातलं एकही उच्चारलं नाही.

"रागावते," ती म्हणाली. "आधी मला फार राग येतो."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुंगीने ते लिहून घेतलं.

"बरं," लेक म्हणाली. "बसा. मग पुढे काय करता ते सांगा."